बोंबार्दिनोचं तोंड

मित्रांनो, मी एक जुना पितळी माउथपीस आहे. म्हणजे होतो. आता मी नक्की काय आहे, हे मला एका शब्दात सांगता येत नाही, म्हणून सगळी कहाणीच ऐका. आणि मध्ये बोलू नका. मी जन्मभर बँडवाल्यांच्या ओठांना ओठ लावून राहिलोय, मला कुणी मध्येच तोडलेलं खपत नाही.

बोंबार्दिनो नावाचं एक वाद्य असतं. पितळेचं, कडेवर घ्यायच्या पोराएवढं, वरून कर्ण्यासारखं उघडलेलं. त्याच्या नळीच्या टोकाला मी बसायचो. मला एक गोल वाटी होती, वाटीच्या तळाशी बारीक गळा होता आणि गळ्याखाली लांब देठ होता. वाजवणारा वाटीला ओठ टेकवून फुंकायचा. वारा माझ्या गळ्यातून जायचा आणि पलीकडे सूर होऊन बाहेर पडायचा. माझ्या कमरेभोवती द्राक्षाची वेल कोरलेली होती. मला कुठे घडवलं ते धड आठवत नाही. गरम तेलाचा वास आठवतो, आणि मग बोटीतला लांबचा प्रवास. माझा देठ जुन्या मापाचा होता. पुढे तसं माप कुणी केलंच नाही, त्यामुळे आमच्या बोंबार्दिनोला माझ्याशिवाय दुसरं तोंड चालत नसे. या गोष्टीचा मला फार ताठा होता.

फिलिपिन्समध्ये लागुनाच्या मोठ्या सरोवराकाठी आमचं गाव आहे. तिथल्या बँडमध्ये बोंबार्दिनो एकच, आणि तो मेलेन्स्योच्या घरचा. आधी त्याच्या बापानं वाजवला, मग त्यानं. गावच्या जत्रेला आम्ही वाजलो, लग्नांना वाजलो, मयतांना वाजलो. एकदा चर्चच्या पायऱ्यांवर मी त्याच्या हातून निसटलो आणि माझ्या वेलीला खोक पडली. मेलेन्स्यो आठवडाभर स्वतःवर चिडून होता. मग त्यानं बारीक कानस घेऊन ती खोक अशी गुळगुळीत केली की अंगठा नेमका तिथे बसायचा. तेव्हापासून त्याचा अंगठा आणि माझी खोक, अशी आमची ओळख.

पण आमचा खरा दिवस गुड फ्रायडेचा. संध्याकाळी मिरवणूक निघायची. पुढे काचेच्या पेटीत निजवलेला ख्रिस्त, मागे मेणबत्त्या घेतलेले लोक, आणि त्यांच्या मागे बँड. चर्चच्या वळणावर आलं की सगळी वाद्यं थांबायची. नुसता ढोल हळू वाजत राहायचा आणि त्यावर एकटा बोंबार्दिनो. म्हाताऱ्या बायका त्या वळणावर आधीपासून जागा धरून उभ्या राहायच्या. "थांब गं, मेलेन्स्यो येऊ दे," असं म्हणायच्या. तो सूर माझ्यातून जात असे, मित्रांनो! तेवढ्या वेळात मला कुणी राजा म्हटलं असतं, तरी मी नाही म्हटलं नसतं.

मग मेलेन्स्योचे पुढचे दात गेले. पितळी वाद्य वाजवणाऱ्याचे दात गेले की सगळंच गेलं. कवळी बसवून पाहिली, पण फुंकताना कवळी हलायची आणि सूर फाटायचा. एके दिवशी त्यानं बोंबार्दिनो तांदळाच्या गोणपाटात गुंडाळला आणि भिंतीला टांगला. मला धुऊन, पुसून, धुतलेल्या रुमालात बांधून स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. शेजारी अर्धवट जळलेल्या मेणबत्त्या आणि आगपेट्या. त्यानंतर गुड फ्रायडेला बँड वळणावर यायचा आणि नुसता ढोल वाजायचा. बँडमास्तरांनी ती जागा दुसऱ्या वाद्याला दिली नाही. म्हणाले, "जागा मेलेन्स्योच्या घरची आहे. घरानंच भरायची."

घरात दोन मुलं होती. थोरला अरनेल, धाकटी डिटास. घरची रीत अशी की बोंबार्दिनो थोरल्या मुलाकडे जायचा. अरनेलची छाती घोड्यासारखी होती, पण तो मांडी घालून कधी शिकायला बसलाच नाही. डिटास लहानपणापासून मला मागत होती. मेलेन्स्यो म्हणायचा, "तू ट्रंपेट वाजव. हा थोरल्याचा आहे." ती बिचारी शाळेपासून बँडमध्ये ट्रंपेट वाजवत राहिली. पुढे ती नर्स झाली आणि तिला दुबईच्या एका इस्पितळात नोकरी लागली. ईस्टरच्या दिवशीच जायचं, आणि परत कधी यायला मिळेल ते देवालाच ठाऊक.

त्या वर्षी ईस्टरआधीचे उपासाचे दिवस सुरू झाले तेव्हाची गोष्ट. डिटास भात टाकत होती. मेलेन्स्यो मागे येऊन उभा राहिला.

"पोरी, जाण्याआधी एकदा तू वाजव."

"काय वाजवू, ताताय?" तिकडे वडिलांना ताताय म्हणतात.

"आपला बोंबार्दिनो. गुड फ्रायडेला. वळणावर."

तिच्या हातातला डाव खाली पडला. "खरंच? आणि कुया?" कुया म्हणजे थोरला भाऊ; वयानं मोठ्या परक्या पुरुषालाही तसंच म्हणतात.

"त्याची वाट बघून माझे दात पडले. आता तू. गुड फ्रायडेआधीच्या रविवारी, पाम संडेला, चर्चमधून झावळ्या घेऊन आलो, की मग खाली काढू. आधी हात लावायचा नाही, घरचा नेम आहे."

मी ड्रॉवरमध्ये सगळं ऐकलं. आनंदानं माझं पितळ तापलं म्हणा ना. अरनेल मात्र त्या वेळी घरी नव्हता. मित्रांनो, सगळं दुखणं या एका गोष्टीत आहे.

अरनेल कुठे होता? बास्केटबॉलच्या मैदानाला लागून त्याची टपरी होती, व्हेपची. तोंडाला लावून वाफ ओढायची आणि ढगासारखी सोडायची, ते यंत्र. तुमच्या कामाचं नाही ते, आणि त्याच्या नादी तर अजिबात लागू नका. पण अरनेलच्या बोटांत कला होती, हे मला कबूल करायलाच हवं. तो तारेचं वेटोळं असं वळायचा की दोन वेढ्यांमध्ये केस जाणार नाही. वेटोळ्यातून कापूस ओवायचा, कापूस द्रवात भिजवायचा, खालचं बॅटरीचं बटण दाबलं की तार तापायची आणि वाफ निघायची. बारीक तार पटकन तापते, पण वाफ चिमूटभर देते. जाड तारांचा पीळ उशिरा तापतो, पण वाफ भरपूर देतो, आणि मग ती वाहून न्यायला हवाही तशीच भरपूर लागते. तार वळून झाली की दर वेळी मीटरवर तपासायची, नाहीतर बॅटरी भडकते. लोक लांबून त्याच्याकडे वेटोळी वळून घ्यायला यायचे.

मैदानावर ढगांच्या स्पर्धा व्हायच्या. मागच्या भिंतीवर अक्षरांचा एक फलक टांगलेला असे. ज्याच्या वाफेआड अक्षरं जास्त वेळ दिसेनाशी होतील, तो जिंकला. अरनेलचा ढग लांब जायचा, रुंद व्हायचा, पण विरळ. अक्षरं आरपार वाचता यायची. शेजारच्या गावचा बुबॉय दर वेळी त्याला हरवायचा आणि वर टोमणे मारायचा.

"अरनेल, तुझ्या ढगाआड माझी आजी साधी ओढणीसुद्धा बदलणार नाही रे!"

सगळे फिदीफिदी हसायचे.

अरनेल हट्टाला पेटला. त्यानं हवेची भोकं मोठी केली. ढग आणखी विरळ झाला. तार आणखी जाड केली. तार गरम होईपर्यंत दम संपायचा. वेटोळं वर घेतलं, खाली घेतलं. एका सकाळी तो न्याहारीला तोंड पाडून बसला होता. मेलेन्स्यो कॉफीत पाव बुडवून हिरड्यांनी चघळत होता.

"काय झालं रे?"

"वाफ दाट होत नाही, ताताय. हवा भरपूर देतो, तरी पातळच."

"भरपूर देतोस म्हणूनच." मेलेन्स्योला त्या यंत्रातलं काही कळत नव्हतं, पण वाऱ्यातलं सगळं कळत होतं. "मोठ्या भोकानं वारा सैल पडतो. वाटी गोल हवी, कोपरे नकोत. कोपऱ्यात वारा अडतो आणि मरतो. आणि वाटीतून गळ्यात उतरताना तो एकवटायला हवा. आपल्या माउथपीसची वाटी बघितलीस ना? तशी."

म्हातारा कौतुकानं बोलला. मुलानं पहिल्यांदाच आपल्या कलेबद्दल काही विचारलं म्हणून खूश झाला होता. अरनेलचा घास हातातच राहिला. तो ड्रॉवरकडे बघत होता.

अरे देवा, मी मनात म्हटलं.

जीपची दुरुस्ती करणारा पोल्दो, त्याच्याकडे लेथ होती. अरनेलनं रुमाल सोडला आणि मला त्याच्या तेलकट टेबलावर ठेवलं.

पोल्दोनं मला उलटसुलट पाहिलं. "हा तुझ्या बापाचा ना? विचारलंस का त्याला?"

"ताताय आता काय वाजवणार, कुया? दात तरी आहेत का तोंडात?"

"तरी विचार."

"जिंकलो की दाखवीन ना. खूश होतील. त्यांनीच तर सांगितलं, वाटी अशी हवी म्हणून."

पोल्दो थोडा घुटमळला. मग त्यानं मला लेथवर चढवलं. मी ओरडलो, मित्रांनो! पण लेथवर प्रत्येक पितळ ओरडतं, त्यामुळे कुणाचं लक्ष गेलं नाही. त्यानं माझ्या वाटीचा काठ उतरवला. वाटीच्या बाजूंना भोकं पाडली आणि वर एक कडी बसवली. कडी फिरवली की भोकं हवी तेवढी उघडायची, हवी तेवढी झाकायची. माझा गळा बोट जाईल एवढा रुंद केला. आणि देठ कापला. बुडखा तेवढा ठेवला, ओठात धरायला. माझा भुगा खाली सोन्यासारखा पडला होता. संध्याकाळी तो झाडूनही गेला.

आता मला अरनेलच्या त्या यंत्रावर उलटं बसवलं. माझी वाटी तापलेल्या वेटोळ्यावर पालथी घातली आणि ओठ लागले ते माझ्या कापलेल्या देठाला. इतकी वर्षं माणसं माझ्यात श्वास सोडत आली होती. आता माझ्यातून ओढू लागली.

पण खोटं कशाला सांगू? चाललं. फार छान चाललं. अरनेलनं वेटोळं अगदी भोकासमोर आणलं, किंचित वर, म्हणजे हवा खालून येऊन तारेला भिडेल. मग कडी हळूहळू झाकत गेला. प्रत्येक वेळी थोडी ओढून बघायचा, डोळे मिटून, जसा मेलेन्स्यो सूर लावायचा तसा. एका जागी तो थांबला. गोल वाटीत वाफ फिरली, एकवटली आणि बाहेर आली ती दुधासारखी दाट. टपरीतली माणसं ओरडली. स्पर्धेत तर भिंतीवरची अक्षरंच काय, भिंतसुद्धा दिसेना. बुबॉय म्हणाला, "घे बाबा, आजीला घेऊन येतो!" लोकांनी अरनेलला खांद्यावर घेतलं. मला लोकांनी हाताळलं, फोटो काढले, विचारलं, "ही वाटी कुठून आणलीस?" कौतुक कुणाला नको असतं? ड्रॉवरच्या अंधारानंतर मलाही ते गोड लागलं. पण ओठ बदलले होते, दिशा बदलली होती, आणि माझ्यातून सूर म्हणून काही निघत नव्हता.

आमच्याकडे कुणी काही जिंकलं की त्याच्या फोटोचा मोठा फलक रस्त्यावर लावतात. स्पर्धा भरवणाऱ्या दुकानदारानं चौकात अरनेलचा फलक लावला. घराएवढा अरनेल, हातात मी, आणि मागे ढग. पाम संडेच्या आदल्या दिवशी अरनेल वडिलांना तो दाखवायला घेऊन गेला. मी त्याच्या हातातच होतो.

मेलेन्स्योनं डोक्यावरची टोपी काढली. "माझा पोरगा! एवढा मोठा! बघितलंत का?" रस्त्यानं जाणाऱ्या माणसांना थांबवून तो सांगत होता. मग जरा पुढे गेला. डोळे बारीक केले. फलकावर माझी वेल हाताएवढी मोठी दिसत होती.

"हातात काय धरलंयस रे?"

अरनेलनं हसत मला पुढे केलं. म्हाताऱ्यानं मला घेतलं. त्याचा अंगठा वेलीवरून फिरला आणि खोकेत जाऊन बसला. तिथून तो हललाच नाही.

"जिंकल्यावर सांगणार होतो, ताताय. तुम्हीच म्हणालात ना, वाटी अशी हवी. हे असंच पडलं होतं ड्रॉवरमध्ये."

"पडलं नव्हतं," मेलेन्स्यो म्हणाला. "ठेवलं होतं."

"कशाला?"

"डिटाससाठी. उद्या खाली काढणार होतो. ती वळणावर वाजवणार होती."

अरनेलचा चेहरा उतरला. "मला कुणी सांगितलंच नाही."

"तू विचारलंस?"

म्हाताऱ्यानं मला त्याच्या हातात परत दिलं, टोपी घातली आणि चालत घरी गेला. तीनचाकीवाला हाका मारत होता, पण तो थांबला नाही.

डिटासला कळलं तेव्हा ती आधी हसली. मग म्हणाली, "कुया, तुला माझं काहीतरी कापायचंच होतं तर माझे केस कापायचेस रे!" आणि गोणपाटातल्या बोंबार्दिनोवर डोकं टेकून रडली.

तो आठवडा अरनेल वेड्यासारखा पळत होता. तिचा ट्रंपेटचा माउथपीस लावून पाहिला, तो नळीत घुसून आतच खडखडला. पोल्दोकडे जाऊन माझ्या बुडख्याला नवा देठ जोडून पाहिला. पोल्दोनं मान हलवली. "देठ जोडला रे, पण गळाच मोठा केलाय. वारा धरणार कशानं? त्या दिवशी मी नाही म्हणायला हवं होतं." तो देठ पुन्हा निखळून पडला. अरनेल आजूबाजूच्या गावांत बोंबार्दिनो मागायला गेला. एका बँडमास्तरानं त्याला दारातूनच विचारलं, "अरे, गुड फ्रायडे प्रत्येक गावाला असतो ना? आज मी आमचं वाद्य तुला दिलं तर आमचा देव मुका जाईल की!" गुरुवारी दुकानं बंद झाली. मग धावायला जागाच उरली नाही.

शुक्रवारी संध्याकाळी मिरवणूक निघाली. डिटास ट्रंपेट घेऊन आपल्या ओळीत उभी होती. तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर मेलेन्स्यो येऊन उभा राहिला. बँडचा जुना पांढरा सदरा घातलेला, खांद्याला बोंबार्दिनो. तोंड नसलेला बोंबार्दिनो. बँडमास्तरांनी त्याच्याकडे बघितलं आणि त्याला तिथेच राहू दिलं. अरनेल मेणबत्ती घेऊन बाजूनं चालत होता. मी त्याच्या खिशात होतो. एवढ्याशा चढावर त्याला धाप लागत होती. घोड्याची छाती कुठे गेली होती कुणास ठाऊक. मला ठाऊक होतं.

वळण आलं. वाद्यं थांबली. ढोल हळू वाजू लागला. मेलेन्स्योनं बोंबार्दिनो उचलला, छातीशी धरला आणि बोटांनी कळा दाबू लागला. आमचा तो सूर, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही कळ न चुकता. आवाज फक्त कळांचा येत होता. टक, टक, टक. म्हाताऱ्या बायका कान देऊन ऐकत होत्या. डिटासनं ट्रंपेट खाली घेतला होता आणि तिचे ओठ आवाज न करता हलत होते. अरनेलच्या हातातली मेणबत्ती विझली. ती त्यानं पुन्हा पेटवली नाही.

खिशात मी तळमळत होतो. पंधरा पावलांवर माझं वाद्य होतं, वाजवणारी होती, ऐकणारे होते. मी तेवढा नव्हतो.

ईस्टरच्या सकाळी डिटासची बॅग दारात होती. विमानतळावर नेणारी गाडी यायची होती. अरनेलनं टेबलावर मला सुटं केलं. तार काढली, कापूस काढला, गरम पाण्यात लिंबू पिळून मला घासून घासून धुतलं. मग ती कडी फिरवली. वाफ दाट करायला त्यानं ती कितीदा फिरवली होती, पण सगळी भोकं पूर्ण बंद कधी केली नव्हती. ती आज केली.

"घे," तो डिटासला म्हणाला. "एकदा फुंक."

ती नको म्हणाली. मग तिनं मला सरळ धरलं, वाटी ओठांना लावली. माझा काठ उतरवलेला होता, तिच्या ओठाला बोचला असणार. तिनं फुंकलं.

आवाज आला! घोगरा, फाटका, पण आला. वारा आज बाहेरून आत येत होता, माझ्या जुन्या वाटेनं.

"ही तर चिखलात रुतलेली म्हैस गं!" मेलेन्स्यो म्हणाला आणि बिनदाताचं तोंड उघडून हसला. हसता हसता त्याचे डोळे वाहायला लागले. अरनेल पायाशी बसून होता. त्यानं वडिलांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. म्हाताऱ्यानं त्याच्या केसांत हात घातला. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. डिटासनं मला त्याच जुन्या रुमालात बांधलं आणि बॅगेत टाकलं.

आता मी दुबईत आहे, नर्सेसच्या वसतिगृहात, तिच्या उशाखाली. सुट्टीच्या दिवशी ती मला काढते, कडी नीट बंद आहे ना बघते आणि नुसत्या माझ्यावरच तो वळणावरचा सूर वाजवते. शेजारच्या खाटेवरची पोरगी म्हणते, "ए, म्हैस आवर गं तुझी, झोपू दे!" डिटास हसते आणि आणखी हळू वाजवते. तिकडे गावात बोंबार्दिनो भिंतीवर आहे. मेलेन्स्यो फोनवर सांगतो की अरनेलनं टपरी अजून चालू ठेवलीय, पण स्पर्धेला जात नाही, आणि दर शनिवारी गोणपाट सोडून वाद्य पुसतो. नवं तोंड त्याला अजून मिळालेलं नाही. वाद्य तिकडे, तोंड इकडे, आणि मध्ये सगळा समुद्र.

मित्रांनो, भोकं बंद करता येतात. कडी फिरवली की झालं. कापलेला देठ मात्र कुणाला परत आणता आला नाही, पोल्दोला नाही आणि अरनेलच्या रडण्यालाही नाही. तुमच्या घरातही कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये, माळ्यावर, रुमालात बांधलेलं काहीतरी असेल. ते गप्प आहे म्हणजे कुणाला नको आहे, असं धरून चालू नका. कापण्याआधी, विकण्याआधी, फेकण्याआधी घरात एकदा विचारा, "हे कुणासाठी ठेवलंय?" एवढं विचारायला फार मोठी छाती लागत नाही.